शिमग्याला कारखाना थांबत नाही

हे मी आजवर कुणाकडेच बोललेले नाही — आईकडेही नाही. तुम्हाला सांगते, कारण उद्या कँटीनमध्ये तुमची-माझी गाठ पडायची नाही.

मी रत्नागिरीत, विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात बिझनेस आर्किटेक्ट आहे. आईला वाटतं, मी इमारती बांधते. मी मांडते तो कामाचा आराखडा — भाग इथे घडणार, जर्मनीत जोडला जाणार, आणि मध्ये कुणाच्या होकारावाचून काय अडणार. आमच्याकडे सगळं अडायचं ते अनंतकाकांपाशी. शेवटची तपासणी त्यांची; त्यांच्या शिक्क्याशिवाय काही फाटकाबाहेर जात नसे.

काका वेळणेश्वरकडचे. आराखडा ठरत होता तेव्हाच म्हणाले, "बाय, शिमग्यात पालखी दारात येते, तवा मी घरी असणार. त्या जर्मनीच्या सायबांच्या कानावर घालून ठेव हां."

"घालते," म्हटलं. शिमग्याला आमच्याकडे रजेचा अर्ज कोण करतं? सांगायचं आणि निघायचं.

आणि मी घातलं का कानावर? जर्मनीच्या साहेबांनी विचारलं, तुमचं काम वर्षात कधी थांबतं? थांबतच नाही — मी म्हणाले. पालखीसाठी विमानाचं काम अडतं, हे सांगायची लाज वाटली. लाज! आमच्या दारात पालखी येते तेव्हा ओटी मीच भरते की.

शिमगा आला, काका गेले. भाग पेट्यांत पडून राहिले, तिकडे जोडणी ठप्प. पडद्यावरून विचारणा झाली — हा माणूस न सांगता गेला? 'नाही, मला सांगून गेले' एवढंच मी म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "मला काही कल्पना नव्हती."

काकांचा शिक्का काढून घेतला. निवृत्तीच्या तोंडावर त्यांना गोदामात बसवलं. 'हिला सांगून गेलो होतो' एवढं ते म्हणाले असते तर? — म्हणाले नाहीत. उलट मलाच भेटून म्हणाले, "वाईट नको वाटून घेव, बाय. तू सांगितलंस, त्यांनी मनावर नाही घेतलं. तुझा काय दोष?"

मी मान डोलावली. खोटं बोलले त्यापेक्षा ती मान मला जास्त छळते.

आता आराखड्यात शिमगा आहे. मीच घातला, त्याबद्दल शाबासकीही मिळाली. काका यंदाही पालखीचा प्रसाद घेऊन आले, गोदामातून जिना चढून, खास माझ्यासाठी. मी तो डोळ्यांना लावला आणि त्यांच्यासमोर खाल्ला.