ऑर्विलने घरी जाऊन खात्री केली

मार्लिस हॅगन अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या एका छोट्या गावात वकिली करते. खाली बियाण्यांचं दुकान, वर तिचं ऑफिस, समोर कोर्ट. खटल्याचा निकाल देणारी गावकऱ्यांची ज्यूरी निवडताना "दोन्ही बाजूंपैकी कुणाला ओळखता?" असं विचारलं की इथे सगळेच हात वर जातात. म्हणून ओळखीपाळखीवरून ती कुणाला वगळत नाही. "मी अगदी निःपक्षपाती आहे हं," म्हणणाऱ्याला मात्र आधी घरी पाठवते.

ड्वेन टेस्केचा उजवा हात मका कोठारात चढवणाऱ्या यंत्रात गेला. यंत्र बनवणाऱ्या कंपनीवर त्याने खटला भरला, मार्लिस त्याची वकील. हात अडकला तर दुसऱ्या हाताने बंद करता येणार नाही अशा जागी बटण बसवलंय, हा मार्लिसचा मुद्दा. कंपनीचं म्हणणं, हात पोचतो, ड्वेनच गोंधळला. न्यायाधीश रोज ज्यूरीला बजावत होते : इथे ऐकाल तेवढंच धरा, बाहेर स्वतः काही तपासू नका. निकाल ड्वेनच्या बाजूने लागला.

त्या शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये माशांचं जेवण होतं. ज्यूरीत बसलेले म्हातारे ऑर्विल ग्रोनवॉल्ड ताट घेऊन मार्लिससमोर येऊन बसले.

"तू म्हणालीस ते खरं निघालं बघ. माझ्याकडे तेच यंत्र आहे. बंद ठेवलं, बायकोकडून, डोरिसकडून, उजवा हात त्याला बांधून घेतला. डावा काही बटणापर्यंत जाईना."

"हे कधी केलंत?"

"निकालाच्या आदल्या संध्याकाळी. सकाळी ज्यूरीच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं. नाहीतर आमच्या ज्यूरीतली ती गेल नावाची बाई तुझ्या विरोधातच बसली होती."

मार्लिसने हातातला काटा-चमचा खाली ठेवला. "ऑर्विल, न्यायाधीश रोज काय सांगत होते?"

"ते फोनवर शोधत बसणाऱ्यांसाठी. माझ्याकडे कुठे फोन आहे?"

"आणि कंपनीच्या वकिलाने तुमच्या डोरिसची उलटतपासणी कशी घ्यायची?"

"घेऊन दाखव म्हणावं. मला इतक्या वर्षांत जमली नाही."

सोमवारी मार्लिसने हे न्यायाधीशांना सांगितलं. निकाल रद्द झाला.

"म्हातारा खोटं बोलला का?" ड्वेनने विचारलं.

"नाही. पण जे बोलला ते कोर्टात, दोन्ही वकिलांसमोर यायला हवं होतं."

"म्हणजे एकदा मला यंत्राने धरलं, एकदा ऑर्विलने."



खटला पुन्हा उभा राहायला दीड वर्ष गेलं. तोवर ड्वेन भावाच्या घरी राहिला. या खेपेला मार्लिसने न्यायाधीशांची परवानगी काढून यंत्रच ट्रकवर घालून कोर्टाच्या आवारात आणलं. ज्यूरीसमोर इंजिनिअरने मापं घेतली आणि कंपनीच्या वकिलाने त्याला मनसोक्त छळलं. आता घरी जाऊन बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. निकाल पुन्हा ड्वेनच्याच बाजूने लागला.

ऑर्विल रोज मागच्या बाकावर हजर होते. पायऱ्यांवर त्यांनी तिला गाठलंच.

"मी हेच तर सांगितलं होतं!"

"ऑर्विल," मार्लिस म्हणाली, "घरी जा. आणि कशालाही हात लावू नका."