दवाखान्याचं स्पिरिट

माझी शाळा चौथीत सुटली. लाकडाला लागलेला हात मात्र अजून सुटला नाही. पॉलिश मी लाखेचंच मारतो. पातळ पापुद्र्यांची चपडा लाख स्पिरिटात भिजत घालायची, ती विरघळली की कापसाची पोटली फडक्यात बांधून लाकडावर फिरवायची. एकदा फिरवलं की एक हात झाला. तो वाळला की दुसरा. असे हात चढत गेले की सागवानात तोंड दिसतं. हल्लीचे लोक मशिननं फवारून मोकळे होतात. ते लाकूड मला प्लास्टिकचं वाटतं, आणि मी ते ज्याचं त्याला तोंडावर सांगतो.

सूनबाईनं सिडकोत मेडिकल टाकायचं ठरवलं. ती औषधांचं शिकलेली आहे, पण आजवर दुसऱ्याच्याच दुकानात उभी राहिली. आता गाळा घेतला, फ्रीज आला, कपाटं लागली. मी म्हटलं, काउंटर माझा. ती म्हणाली, सनमायका लावू, पुसायला बरा पडतो. मी ऐकलं नाही. माझ्या सुनेच्या दुकानाला कागद चिकटवलेला काउंटर? सागाचाच केला.

औषध खात्याचे साहेब गाळा बघायला यायचे होते. त्यांनी बघून बरं म्हटलं तर लायसन, नाहीतर पुन्हा थांबा. सुनेनं हातची नोकरी सोडलेली होती. म्हणून साहेब यायच्या आत पॉलिश व्हायला हवं होतं, आणि अडलं नेमकं स्पिरिटावर.

भद्रकालीतला माझा दुकानदार पूर्वी कॅनमधून ओतून द्यायचा. या वेळी त्यानं मानच हलवली. सुटं विकणं बंद केलंय म्हणाला, परवान्याची कटकट आहे, उद्या कोणी पिऊन मेलं तर मी आत जाईन. मी गळ्यातली माळ दाखवली. आयुष्यात थेंब घेतला नाही मी. तो हसला.

"तुम्ही पीत नाही हे मला माहीत हाय, दादा. सरकारला कुठं माहीत हाय?"

घरी येऊन मी सरकारचा उद्धार केला. सुनेनं भाजी निवडता निवडता मला समजावलं. म्हणाली, मूळ स्पिरिट एकच. पण तेच दारूत जातं, तेच दवाखान्यात जातं आणि तेच कारखान्यात जातं. दारूवर कर मोठा. म्हणून कारखान्याचं स्पिरिट मुद्दाम बिघडवून ठेवतात, त्यात विषारी, घाण वासाचं काहीतरी घालतात, म्हणजे स्वस्तातलं कोणी प्यायला नको. आणि तरी लोक पितातच, म्हणून वर परवाने. ऐकताना मला ते पटलंही. पण पॉलिश कशानं मारू, हे त्यात कुठं नव्हतं.

मी म्हटलं, "मग दवाखान्याचं आणतो. माणसाच्या कातडीला चालतं ते लाकडाला न चालायला काय झालं?"

"बाबा, त्यात कातडीसाठी तेलबिल घातलेलं असतं. नका आणू."

मी गप्प बसलो. मी गप्प बसलो की तिला वाटतं मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मेडिकलं धुंडाळली. कोणी जास्त बाटल्या देईना, म्हणून या दुकानातून एक, त्या दुकानातून एक, असं जमवत गेलो. एका दुकानातल्या बाईंनी माझ्या पिशवीत डोकावून बघितलं आणि हळूच विचारलं, "बाबा, घरी कोणी आहे का तुमच्याकडे बघायला?" मी म्हटलं, सगळे आहेत, आणि शिवाय एक काउंटर आहे.

लाख जरा उशिरा विरघळली. वास मात्र बामासारखा छान. संध्याकाळपर्यंत अशी चमक आली की मी सुनेला मुद्दाम बोलावून दाखवली. तिनं बोट लावलं आणि ते उचलताना चट् असा बारीक आवाज आला. मी म्हटलं, हवेत ओल आहे, सकाळपर्यंत वाळेल.

सकाळी साहेब आले. त्यांनी फ्रीज बघितला, सुनेचे कागद बघितले, गाळा मापला आणि लिहायला म्हणून काउंटरवर कोपर टेकलं. उचलायला गेले तर बाही येईना. ओढली तेव्हा पांढऱ्या शर्टावर चहाच्या रंगाचा डाग. सुनेचा चेहरा पडला. मला वाटलं, गेलं लायसन.

साहेबांनी बाही नाकाला लावली. "हे कुठलं पॉलिश?"

सुनेनंही वास ओळखला होता. ती हळूच म्हणाली, "दवाखान्याच्या स्पिरिटाचं, साहेब."

"आजोबा, पॉलिशचं वेगळं मिळतं ना?"

"तुम्ही मिळू देता का?" मी म्हटलं. सुनेनं डोळे मोठे केले, पण बोलून झालं होतं.

साहेबांनी डागावर रुमाल घासून बघितला. मग म्हणाले, "ते खातं माझं नाही, दारूच्या परवान्यांचं आहे. माझ्याकडे फक्त औषधाची बाटली येते. पण एवढ्या बाटल्या गोळा करणारा माणूस दिसला असता, तर मीही विचारलं असतं, कशाला म्हणून." आणि सुनेकडे वळून म्हणाले, "लायसनला काउंटरची चमक लागत नाही. बाकी सगळं बरोबर आहे." जाताना बाही दुमडून गेले.

लायसन आलं. माझा मुलगा सिन्नरला ज्या कंपनीत कामाला आहे, तिथं फर्निचरचं काम घेणारा ठेकेदार परवान्याचं स्पिरिट वापरतो. सुटं स्पिरिट तोही देईना, म्हणून त्याला गळ घालून सामानासकट त्याचा माणूसच कामाला बोलावला. मी सगळं खरवडून काढलं, पहिल्यापासून हात मारले, आणि त्या माणसाला पोटलीला हात लावू दिला नाही. मी चुकलो असं मी अजून म्हणत नाही. तेल घातलंय हे बाटलीवर मराठीत मोठ्या अक्षरात लिहायला काय जातं?

आता दुपारी मी दुकानात खुर्ची टाकून बसतो. परवा एक जण आला आणि स्पिरिटाच्या चार बाटल्या मागायला लागला. सून काही बोलायच्या आत मी विचारलं, "कशाला पाहिजेत?"

तो म्हणाला, दरवाजाला पॉलिश करायचंय.

"नाय चालत," मी म्हटलं. "चिकटतं."

सून बिलाच्या मशिनमागे तोंड लपवून हसत होती. हसू दे. काउंटरमध्ये तिचं तोंड स्पष्ट दिसत होतं.