टूंटूंमामांचा डिटेक्टर

शिंपीकाम करणाऱ्या मामांनी मैदानात फिरवायला मेटल डिटेक्टर घेतला आणि अख्खी गल्ली त्यांना टूंटूंमामा म्हणायला लागली. म्हणेना का! सुट्टीच्या दिवशी कानाला हेडफोन लावून मामा मैदान पालथं घालायचे आणि घरी काय आणायचे, तर बाटल्यांची बुचं, वाकडे खिळे आणि एकदा एक चमचा. "एवढ्या पैशात नवं शिलाई मशीन आलं असतं," मामी म्हणायच्या, "चमचे घरात होतेच की." शेजारच्या न्हाव्याला मात्र डिटेक्टरचा भारी मोह. "मामा, खरं सांगा, घेण्यासारखा आहे का?" मामा छाती फुगवून म्हणायचे, "अरे, जमिनीतली टाचणीसुद्धा ऐकतो तो!" शुद्ध थाप. पण हौसेला मोल नसतं म्हणतात ना!

एके दिवशी मामांची लेक तिच्या तान्ह्या बाळाची रजई न्यायला दुकानात आली. बाळ रडून हैराण, लेकीला निघायची घाई, आणि नेमकी शेवटच्या शिवणीला सुई मोडली. मामांच्या वस्तादाने एक गोष्ट धपाटे घालून शिकवली होती: सुई मोडली की तुकडे जुळवायचे, टोक हाती लागल्याशिवाय पुढचा टाका घालायचा नाही. मामांनी ते जन्मभर पाळलं. त्या दिवशी नातवाच्या रडण्यापुढे वस्ताद विसरले. नवी सुई बसवली, शिवण संपवली आणि रजई देऊन टाकली.

दुपारी मशीन पुसताना मोडकी सुई समोर आली. टोक नव्हतं. मशीनखाली नाही, फरशीवर नाही. म्हणजे ते रजईतच गेलं असणार! लेक फोन उचलेना. मामांनी मोडकी सुई खिशात घातली, मामींना हाक मारली, डिटेक्टर खांद्यावर टाकला आणि तडक तिचं घर गाठलं.

बाळ त्याच रजईत झोपलं होतं. लेकीने ऐकलं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. बाळाला उचलून तिने अंग तपासलं, कुठे ओरखडा नव्हता. "पण बाबा, हा मघापासून रजईचा कोपरा चोखत होता," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "टोक सापडलं तर ठीक. नाही तर मी याला दवाखान्यात नेते."

मामांनी डिटेक्टर चालू केला. टूं! पलंगाचे लोखंडी पाय. टूं! मामींच्या बांगड्या. शेवटी बांगड्या काढून मायलेकींनी रजई हवेत ताणून धरली. आता आवाज नाही. म्हणजे टोक नाही, की याला ऐकूच येत नाही? खात्री करायला मामांनी खिशातली नवी सुई मोडली, तिचं टोक शिवणीत खोचलं आणि डिटेक्टर फिरवला. ढिम्म! खोचलेलं टोक काढायला गेले, तर तेही आत कापसात घुसलेलं.

"अहो, हात दाखवून अवलक्षण!" मामी किंचाळल्या. "एकाची दोन केलीत!"

मामांनी चादर अंथरली, रजई उसवली आणि कापूस बाहेर काढला. तिघं चिमूट चिमूट चाचपत बसली. लेकीची नजर एकदा कापसावर, एकदा बाळाच्या तोंडाकडे. मामींना एक टोक सापडलं. मामांनी ते दुकानातल्या मोडक्या सुईला लावून पाहिलं. जुळेना. नव्या सुईला लावलं, बरोब्बर बसलं.

लेक उठली आणि बाळाची पिशवी भरायला लागली. मामा कापसात हात घालत राहिले. देवा, माझ्या घाईची शिक्षा त्या पोराला नको, एवढंच मनात. थोडाच कापूस उरला होता.

"आई गं!"

मामांच्या बोटात कच्चकन काहीतरी घुसलं होतं. मामींनी ते उपसलं, मोडक्या सुईला लावलं. जुळलं. लेकीच्या हातातून पिशवी गळाली. बोटातून रक्त ठिबकत होतं आणि टूंटूंमामा लहान पोरासारखे हसत रडत होते. "माझ्यात घुसलं गं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "माझ्यातच घुसलं!"

दुसऱ्या दिवशी न्हाव्याने पुन्हा विचारलं, "मग मामा, घेऊ का डिटेक्टर?"

मामा बाळाची नवी रजई हाताने शिवत होते. पट्टी बांधलेलं बोट त्यांनी वर केलं.

"खिळे आणि बुचं हवी असतील तर खुशाल घे," ते म्हणाले. "टाचणी मात्र या बोटाला ऐकू आली."