सासऱ्यांचा मचवा

जावयाकडे पाहुणचाराला जाताना स्वतःचं घरच बरोबर घेऊन जाणारा सासरा आख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच होता, आणि तो माझ्या वाट्याला आला. लोकांचे सासरे बैलगाडीने येत, नव्या चालीचे असले तर आगगाडीने येत. माझे सासरे मचव्यातून येत, आणि येत म्हणजे कल्याणच्या बंदरात नांगर टाकून चार-चार दिवस मचव्यातच राहत. उभी हयात मिठाच्या चौकीवर कारकुनी केलेली. चाकरी संपली, सासूबाई वारल्या, तेव्हा त्यांनी गावातलं बिऱ्हाड मोडलं आणि मिठाची ने-आण करून म्हातारा झालेला एक मचवा विकत घेतला. मधोमध चटयांचं छप्पर घातलं, एका कोपऱ्यात देव मांडले, दुसऱ्या कोपऱ्यात चूल मांडली आणि संसार थाटला. त्या छपराखालच्या जागेला ते माजघर म्हणत आणि पुढच्या फळीला ओटी. कोणी भेटायला गेलं की "बसा जरा ओटीवर, मी माजघरातून आलोच" असं सांगून ते आत वळत. आत म्हणजे हात लांब केला तर त्यांची शेंडी हाताला लागेल एवढ्या अंतरावर.

मचवा हाकायला पास्कू नावाचा तांडेल होता. कळव्याकडच्या किरिस्तावांपैकी, सासऱ्यांहून थोडा लहान आणि त्यांच्याइतकाच हट्टी. पास्कू मासे खाल्ल्याशिवाय राहत नसे आणि सासरे सोवळ्याशिवाय जेवत नसत. म्हणून मचव्याच्या मध्यावर गेरूची एक रेघ ओढली होती. रेघेच्या अलीकडे वरणभात, पलीकडे बोंबील. वारा पलीकडून अलीकडे वाहू लागला की सासरे नाकाला उपरणं लावून संध्या करीत, आणि ती आटोपली की पास्कूला आज कुठला मासा होता ते बारकाईने विचारीत.

त्यांना तिन्ही मुलीच. थोरली ठाण्याला, मधली कळव्याला आणि धाकटी यमुना, म्हणजे माझी बायको, कल्याणला. तिन्ही गावं खाडीकाठची, आणि हे आपोआप झालं असं कोणी समजू नये. मला पाहायला ते आले तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही, की पत्रिका उघडली नाही. घरापासून बंदर किती लांब आहे आणि ओहोटीला तिथे चिखल किती होतो, एवढंच विचारलं. मी शाळामास्तर, मला चिखलाचं काय ठाऊक? माझ्या आईने उत्तर दिलं आणि लग्न ठरलं.

भरती-ओहोटी हेच त्यांचं पंचांग. पाणी चढलं की ते यायचे आणि पाणी उतरू लागलं की जायचे, मग मध्ये काहीही चाललेलं असो. मधल्या मुलीच्या मुलाच्या मुंजीत पंगत बसली होती, जिलबी वाढायला निघाली होती, आणि दारात पास्कू उभा राहिला. "अप्पा, पानी उतराया लागलं." मुलाचे हे सख्खे आजोबा, पण पानावरून उठले ते थेट धक्क्यावर गेले. एवढी घाई करूनही डोंबिवलीपाशी मचवा गाळात रुतलाच. तिथे अर्धा दिवस एका अंगाला कललेल्या मचव्यात ते जिलबीची आठवण काढत बसले होते, असं पास्कूने नंतर आम्हाला सांगितलं.

आगगाडी त्यांना मुळीच आवडत नसे. भीती वाटते का, असं मी एकदा विचारलं. "भीती कसली?" ते म्हणाले, "गाडीतून सगळ्यांची परसं तेवढी दिसतात. मला लोकांची तोंडं पाहायची असतात." ठाण्याचे पापड कळव्याला, कळव्याचे वाल कल्याणला आणि तिन्ही ठिकाणचे निरोप तिन्ही ठिकाणी पोचवणं हे त्यांचं काम. थोरलीला ताप आल्याचं आम्हाला कळे तेव्हा ती खडखडीत बरी होऊन लोणची घालत असे. पण बहिणीबहिणींचं काही बिनसलं, तर तो निरोप मात्र वाटेत कुठेतरी हमखास हरवायचा. विचारलं तर म्हणत, मचवा जुना आहे, काही ना काही गळतंच.

आमच्या घरी मात्र त्यांचं वागणं मोठं चमत्कारिक होतं. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्यातली जुनी रीत. थोरल्या दोघींच्या घरी ते पोटभर जेवत. आमच्याकडे येताना मात्र मचव्यातून पाण्याचा तांब्या घेऊन येत, आमच्या ओटीवर बसून त्यातलं पाणी पीत आणि आमच्या विहिरीच्या पाण्याची तारीफ करीत. जेवायला आम्हीच मचव्यावर जायचं. सुरुवातीला सगळ्यांना याचं हसू येई. वर्षं सरत गेली तसं हसू कमी झालं. तो तांब्या दिसला की यमुना आत निघून जाऊ लागली.

पुढे माझी आई माझ्या दुसऱ्या लग्नाचं बोलू लागली. बदलापूरकडची एक मुलगी तिने मनात धरली होती. मी नको म्हटलं, पुन्हा म्हटलं. पण आईचं रोज जेवणाच्या वेळी तेच सुरू होई, आणि वाढायला यमुनाच असे. तिने वडिलांना यातलं काही सांगितलं नाही. मचव्यावर भाकरी थापताना तिचा हात मध्येच थांबला आणि भाकरी करपली, एवढंच झालं. सासऱ्यांनी ती करपलेली भाकरी मुकाट्याने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्याकडे आले तेव्हा हात मोकळे होते, तांब्या नव्हता. थोड्या वेळाने पास्कू बोलवायला आला. पाणी उतरतंय, आता निघालो नाही तर मचवा बसेल, असं त्याने सांगितलं. बसू दे, सासरे म्हणाले. पास्कूला ऐकण्यात चूक झाली असं वाटून तो तिथेच उभा राहिला. मग ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेले आणि माझ्या आईला म्हणाले,

"विहीणबाई, आज मी इथे जेवणार आहे."

आई गोंधळली. अजून काही झालेलं नाही, मग रीत कशी मोडायची, असं काहीसं पुटपुटली.

"रीत मीच पाळली, मीच मोडतो," ते म्हणाले. "नातवंडासाठी मी हे घर रिकामं धरून बसलो होतो. माझी लेक इतकी वर्षं इथे नांदते आहे. मला आणखी कुणाची वाट पाहायची नाही."

आईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग उठून तिनेच पाट मांडला, आणि भातावर तूपही तिनेच वाढलं. सासरे मुंजीतल्या सगळ्या जिलब्यांची भरपाई करायची असल्यासारखे जेवले आणि ओटीवर घोरत पडले.

बदलापूरचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही. आम्हाला मूल झालं नाही. सासरे मात्र त्यानंतर दर भरतीला जेवायला येऊ लागले, आणि हा माणूस मीठ फार खातो अशी आईची कायमची तक्रार झाली.

म्हातारपणी त्यांचे गुडघे धरले, फळीवरून चढउतार होईना. तिघी बहिणी त्यांच्यासाठी भांडल्या आणि ते आमच्याकडे राहायला आले. दोन उन्हाळे राहिले आणि वारले. आमच्याकडे येण्याआधी, मचवा विकायचं ठरलं तेव्हा, तिघींनी एकदा कल्याणहून त्यातून मिळून जायचं आणि थोरल्या दोघींनी वाटेत आपापल्या घरी उतरायचं मनावर घेतलं. त्या लग्नं झाल्यापासून एकत्र अशा बसल्याच नव्हत्या. मी पुढे पास्कूजवळ बसलो. सासरे सुकाणू धरून मागे, आणि मध्ये तिघी एकाच वेळी बोलत होत्या. वडिलांकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. कळवा आलं आणि मागे पडलं, मधली उतरली नाही. ठाणं गेलं, थोरली उतरली नाही. घोडबंदरकडे पाणी रुंद होत गेलं आणि ऊन उतरलं, तेव्हा पास्कूने नांगर कुठे टाकायचा ते विचारलं.

"राहू दे रे थोडा वेळ," सासरे हळूच म्हणाले. "त्यांचं बोलणं अजून संपलेलं नाही."