चौथं पाणी

नॅनो हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. आम्ही नुसतं ‘बारीक पूड’ म्हणायचो. नव्वदच्या दशकात पुण्याहून एम.एस्सी. होऊन मी बेंगळूरला, यशवंतपूरच्या एका शेडमध्ये, रबर कारखान्यांसाठी झिंक ऑक्साइडची ती पूड बनवायला आलो. चंचुपात्रात ती झकास उतरत होती. मालकांना पिंपांनी हवी होती, आणि स्वस्तात. गाळायचं यंत्र परवडेना, म्हणून द्रावणात तळाशी बसणारा साका मांजरपाटाच्या कापडावर गाळून धुवायचं ठरलं. हे डोकं माझंच.

धुण्याचं काम निपाणीकडच्या एका अक्कांकडे होतं. एकदा त्या म्हणाल्या, “सर, तीन पाणी नितळ जातंय, चौथं पांढरं जातंय बघा. तिसऱ्यावरच थांबूया की.”

“म्हणजे घाण अजून आहे. आणखी दोन पाणी द्या,” मी म्हणालो. या बाईनं मला रसायनशास्त्र शिकवावं, याचा राग आला होता. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात; मी शहाणा नव्हतो.

पूड निम्मीच भरू लागली. मालकांनी कारण विचारलं. अक्का गटारीच्या तोंडाशी साचलेला पांढरा गाळ डब्यात भरून घरची भिंत सारवायला नेत. मी ते रोज पाहायचो. तरी त्या डब्याकडे बोट दाखवलं.

“चोरी,” मालक म्हणाले.

“सर, तुम्हीच सांगा की. गटारीतलंच हाय ते.”

मी फायलीत डोकं घातलं. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. डबा टेबलावर ठेवून अक्का गेल्या.

त्यानंतर धुणं माझ्याकडे आलं, तरी पूड निम्मीच. शेवटी मी त्या डब्यातला गाळ वाळवला, भाजला, तपासला. आमच्या कुठल्याही मालापेक्षा तो बारीक निघाला. क्षार धुऊन गेले की कण सुटे होतात आणि कापडातून निसटतात. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. जितकं जास्त धुवायला लावलं, तितका चांगला माल मीच गटारीत घालवला होता.

तीन पाण्यांची रीत फायलीत माझ्या नावावर लागली. अक्कांना परत बोलवा, हे सांगायला मी दोनदा मालकांच्या दारापर्यंत गेलो. सांगायचं तर माझी चूकही सांगावी लागली असती. दोन्ही वेळा परतलो.

नवी बाई आली. तिला मी शिकवलं, “तीनच पाणी. चौथं पांढरं जातं.”

“तुमाला कसं कळलं, सर?”

“अनुभवानं,” मी म्हणालो.