लोकल नको

'लोकल' हा शब्द पुष्कळ वर्षं माझ्या कानावरून नुसता जात होता. लोणावळ्याला जाणारी लोकल. गॅरेजवाल्याचं "ओरिजिनल टाकू का लोकल?" पिंपळे सौदागरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचं "लोकल दिलंय, आता दुखणार नाही." तो शब्द मला लागला चाकणजवळच्या एका कंपनीत.

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यावर क्वालिटीच्या जागेसाठी मी तिथे मुलाखतीला गेले. ती कंपनी आमच्याच गावच्या जमिनीवर उभी आहे. आज तिचं पार्किंग आहे तिथे आमचा कांदा व्हायचा. जमिनी घेताना गावाला सांगितलं होतं, तुमच्या पोरांना नोकऱ्या मिळतील.

कामाचे प्रश्न विचारून झाले, उत्तरं बरोबर आली. मग एचआरच्या साहेबांनी माझं आधार कार्ड पाहिलं.

"तुम्ही लोकल आहात?"

"हो," मी खुशीत म्हणाले. "गेटपासून चालत घर. बससुद्धा नको मला."

त्यांनी फाइल मिटली. "लोकल घेत नाही आम्ही."

"का?"

"उद्या सुपरवायझर काही बोलला की भाऊ येणार गेटवर गाड्या घेऊन. गावात लग्न निघालं की सुट्टी. नको ती कटकट."

"मला भाऊ नाहीये."

"चुलत असतीलच की," ते म्हणाले आणि हसले.

अण्णा, माझे वडील, ओट्यावर वाट बघत बसले होते. "काय म्हनले?"

"लोकल नको म्हणाले."

"म्हंजे?"

"म्हणजे इथली माणसं."

अण्णा म्हणाले, "इथली मान्सं नकं व्हती, तर इथं कशापायी आले?"

मी शब्दकोश उघडला. मूळ लॅटिन शब्द, अर्थ 'जागा'. जो त्या जागेचा, तो लोकल. कटकट करणारा, कामचुकार, गुंड, असला एकही अर्थ तिथे दिला नव्हता. ते सगळे आमच्या पट्ट्यात आल्यावर चिकटलेले. आपल्या 'गावठी'चीही तीच गत आहे म्हणा. कोंबडी गावठी असली तर भाव जास्त, माणूस गावठी असला की नाक मुरडायचं. पण गावठी म्हणणारा निदान तोंडावर शिवी देतो. या साहेबांनी मला शिवी दिली आणि वर पाणी हवंय का विचारलं.

पुढे माझं लग्न झालं. नवरा लातूरचा, भोसरीत टूलरूमला कामाला. आम्ही संत तुकाराम नगरला भाड्याने राहायला लागलो. आडनाव बदललं, आधारवरचा पत्ता बदलला. त्याच कंपनीत जागा निघाल्या तेव्हा मी मुद्दाम अर्ज केला. समोर तेच साहेब. त्यांनी मला ओळखलं नाही.

"गाव कुठलं?"

"सासर लातूरचं."

"वा. तिकडची माणसं कामाला चांगली."

नोकरी लागली. मी तीच होते, डिप्लोमा तोच होता. मला आनंद व्हायला हवा होता, पण घरी येईपर्यंत मी दात आवळून बसले होते.

नोकरीत कायम झाल्यानंतरची गोष्ट. लाइनवरच्या सगळ्या जुन्या लोकांना मीटिंगला बोलावलं होतं. ओळखीतून नवी माणसं कशी आणायची ते साहेब सांगत होते. "पत्ता नीट बघा. एक लोकल आत आला की चार जण बिघडतात."

मी उभी राहिले. "सर, मी लोकल आहे. याच गावची. तुम्ही एकदा मला परत पाठवलंय."

साहेब माझ्याकडे वळले. "पण तुम्ही तर लातूरच्या ना?"

"लातूरचे माझे मिस्टर. तुमची गाडी रोज उभी राहते ना, तिथे माझ्या वडिलांचा कांदा होता. मी चार माणसं बिघडवली का, ते या सगळ्यांना विचारा."

"मॅडम, पर्सनल घेऊ नका. पॉलिसी आहे."

"शिवी पर्सनलच असते, सर."

कोणी माझ्या बाजूने बोललं नाही. पुढच्याच आठवड्यात मला पॅकिंगला टाकलं. सहा महिने खोके तपासले, पण राजीनामा दिला नाही. नंतर खराब म्हणून परत येणारा माल वाढला तेव्हा त्यांना मला क्वालिटीला परत आणावंच लागलं. साहेबांशी मी कामापुरतं बोलायचे. कॅन्टीनमध्ये ते दिसले की मी ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जायचे. माफी त्यांनी मागितली नाही, मीही वाट पाहिली नाही.

गेल्या वर्षी त्यांची बदली दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला झाली. जायच्या दिवशी ते सगळ्यांचा निरोप घेत माझ्या टेबलापाशी आले. चेहरा उतरला होता.

"तिकडचे लोकल फार वाईट आहेत म्हणे," ते म्हणाले. "बाहेरच्याला टिकू देत नाहीत."

"बरं करतात," मी म्हणाले आणि पुढचा पीस मापासाठी गेजला लावला.