एक स्थानिक महिला सहायक

डिंपल गभणेनं तो संशोधनाचा पेपर पहिल्यांदा वाचला तो फोनवर, करडीच्या बसस्टॉपवर. ती वाचत असताना भंडाऱ्याची बस आली आणि गेली. ती चढली नाही.

पेपर रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करणाऱ्या बायांच्या कंबरदुखीवर होता, आणि त्या दुखण्यावर बसवलेल्या व्यायामावर. काम तिचं होतं. वर नावं तीन. पहिलं तिच्या कॉलेजातल्या लांजेवार सरांचं. दुसरं अमरचं, तिच्याच वर्गातल्या. तिसरं नागपूरच्या एका डॉक्टरांचं. त्यांना करडी कुठल्या दिशेला आहे हे तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे. डिंपल सापडली शेवटी, आभारात. ‘महिलांना एकत्र आणण्यास मदत करणाऱ्या एका स्थानिक महिला सहायकाचे आभार.’

नावसुद्धा नव्हतं.

डिंपल करडीचीच. बाप धानाचा शेतकरी. कॉलेजात ती कबड्डी खेळायची. गुडघा गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता लग्न करून टाका. तिनं शारीरिक शिक्षणात एम.पी.एड. केलं. शरीर का दुखतं आणि त्याचं काय करायचं, हे तिला कळून घ्यायचं होतं. आता तिला पीएच.डी.ला बसायचं होतं. मुलाखतीत पहिला प्रश्न असतो, पेपर कुठे छापलाय.

मागच्या पावसाळ्यात सरांनी व्यायाम बाहेरूनच तयार आणला होता. पाठीवर झोपा, गुडघे छातीशी घ्या. रंभाबाई रोवण्याच्या टोळीची म्होरकी. तिनं विचारलं, “चिखलात निजू का सर?” सगळ्या बाया हसल्या. सर गाडीत जाऊन बसले. त्यानंतर ते बांधीकडे, धानाच्या त्या चिखलाकडे, फिरकले नाहीत. अमर दोनदा आला, धुऱ्यावरून, कडेच्या कोरड्या बांधावरूनच, फोटो काढून गेला.

डिंपल सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरली. रोवणा मागं सरकत करतात. वाकलेली कंबर वर येत नाही. मालक धुऱ्यावर असतो, सरळ झालेली बाई त्याच्या डोळ्यात खुपते. पण पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, नवी पेंढी अंगाजवळ येऊन पडते, तेव्हा उठावंच लागतं. तेवढ्या उठण्याला कुणी हटकत नाही. डिंपलनं व्यायाम तिथं बसवला. उठा, हात कमरेवर ठेवा, मागं झुका, श्वास सोडा, मग पेंढी उचला.

संध्याकाळी ती घरोघरी जायची. चुलीपुढं बसून विचारायची, कुठं दुखतं. बाया आधी कंबर सांगायच्या. मग आवाज खाली करून अंग बाहेर येतं ते सांगायच्या. वाकलं की वाढतं, म्हणायच्या. नवऱ्यालाही न सांगितलेलं त्यांनी तिला सांगितलं. पेपरातला सर्वांत मोठा निष्कर्ष तोच होता. तीन पुरुषांच्या नावाखाली.

तिनं सरांना फोन केला. सरांचा आवाज चढला नाही, उलट मऊ झाला.

“अगं, तू तर घरचीच,” ते म्हणाले. “घरच्या माणसाचं नाव लागतं का?”

अमरनं उशिरा फोन उचलला. नावं सरांनी लावली, मी काय करू, म्हणाला. मग हळूच म्हणाला, “सर म्हणत होते, तुयं लगन ठरून राह्यलं. तुले कायले पाहिजे पेपर?”

लग्न ठरलेलं नव्हतं. ठरलेलं असतं तरी काय?

आईचं म्हणणं, गप राहा, पुढच्या पेपरात टाकतील. रंभाबाईनं मात्र सगळं ऐकून घेतलं. तिला पेपर म्हणजे काय ते नीट कळलं नाही. नावांचं कळलं.

“लग्नाच्या पत्रिकेत बी असंच,” ती म्हणाली. “पोरगी आपली, नावं साऱ्या काकायची.”

यंदाच्या रोवण्यात सरांचा फोन आला. पैसा देणाऱ्या संस्थेचे पाहुणे येणार, बायांना व्यायाम करून दाखवायला सांग. डिंपल नाही म्हणू शकली असती. ती गेली. मुठी वळलेल्याच होत्या.

टोळीची एक जुनी रीत आहे. मालकानं बोली मोडली, कुणा बाईला वाईट बोलला, तर टोळी भांडत नाही. बांधीत ताठ उभी राहते. कुणीही वाकत नाही. मालकाला काय ते समजतं.

पाहुणे धुऱ्यावर आले. अमरनं कॅमेरा काढला. सरांनी हात वर करून सुरू करा म्हटलं. रंभाबाई कंबर सरळ करून उभी राहिली. तिच्यामागं सगळी टोळी. पऱ्हे हातात तसेच.

सर हसले. मग हसणं थांबलं. डिंपलजवळ येऊन कुजबुजले, मजुरीचं मी पाहतो म्हणून सांग त्यांना. त्यांना एवढंच सुचलं.

रंभाबाईला ऐकू गेलं. “मजुरी नाही मांगत सर. हा व्यायाम कोनं बसवला, थे पाहुण्यायले सांगा. मंग वाकतो.”

पाहुण्यांत एक बाई होत्या. त्यांनी डिंपलकडं पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही कोण?”

“ही आमची स्थानिक...” सर म्हणाले.

“मी डिंपल गभणे,” ती म्हणाली. “हा अभ्यास मी केला. पेपरात माझं नाव नाही. अमरला विचारा.”

सगळे अमरकडं वळले. त्यानं खाली पाहिलं. त्याच्या बुटांना चिखल नव्हता.

बाई डिंपलला कार्ड देत म्हणाल्या, आपण बसून बोलू. सर म्हणाले, गैरसमज आहे. गाड्या आल्या तशा गेल्या. माफी कुणी मागितली नाही.

टोळी वाकली. डिंपल धुऱ्यावर बसली आणि तिनं पेपर छापणाऱ्या मासिकाच्या संपादकांना ईमेल लिहिला. काम कुणी केलं, कुठं केलं, कुणाला विचारून खात्री करता येईल. सरांना, अमरला, त्या बाईंना प्रत लावली. तिनं पाठवून दिला.

“झालं का?” रंभाबाईनं विचारलं.

“पाठवला.”

“देतीन का नाव?”

“माहीत नाही. नाही दिलं तर परत लिहीन.”

“मंग पेंढी फेक. पऱ्हे सरले.”

डिंपलनं पेंढी उचलली आणि अशी फेकली की चिखल उडून रंभाबाईच्या तोंडावर बसला.

“माह्यावर राग काहून काढतं वो पोरी,” रंभाबाई म्हणाली. तिनं दंडानं गाल पुसला. मग उठली, हात कमरेवर ठेवले आणि मागं झुकली.